कनेक्टिंग तिकीट आणि जोडून काढलेली तिकिटं

एप्रिल लागला की आमच्या फॅमिली ग्रुपवर स्क्रीनशॉट पडायला लागतात. 'मुंबई-फ्रँकफर्ट वेगळं काढलं, फ्रँकफर्ट-न्यूयॉर्क वेगळं. कनेक्टिंगच आहे, पण केवढं स्वस्त पडलं!' अहो, ते कनेक्टिंग नाही. दरवर्षी सांगतो, दरवर्षी कोणीतरी नवीन निघतं.

कनेक्टिंग तुम्हाला ठाऊक आहे. ठाण्याहून अंधेरीला जाताना दादरला लाईन बदलता, तिकीट एकच. विमानाचंही तसंच, बॅगा सहारला, म्हणजे मुंबई विमानतळावर, टाकायच्या आणि थेट अमेरिकेत घ्यायच्या. (डायरेक्ट म्हणजे नॉनस्टॉपच असं नाही, तेच विमान मध्ये कुठे उतरूही शकतं. पण त्याने कोणाचं काही बिघडत नाही.)

बिघडतं ते पहिलं विमान चार तास उशिरा पोचल्यावर. तिकीट एक असेल तर तुम्हाला न्यूयॉर्कला पोचवणं ही कंपनीची जबाबदारी, पुढच्या विमानात जागा त्यांनी शोधायची. तिकिटं दोन असतील तर पहिल्या कंपनीने तुम्हाला फ्रँकफर्टला पोचवलं, तिचं काम संपलं. दुसरीच्या लेखी तुम्ही आलाच नाहीत. पुढचं तिकीट गेलं, आणि त्याच तिकिटावर परतीचा प्रवास असेल तर सहसा तोही रद्द. वर ऐन गर्दीत, त्या दिवशीच्या भावाने, नवं तिकीट.

'पण दोन्ही विमानं एकाच कंपनीची आहेत.' असू देत. 'पैसे एकदाच भरले.' भरा. एकाच पेमेंटमध्ये दोन तिकिटं विकणाऱ्या साइट आहेत, त्या बारीक अक्षरात 'सेल्फ ट्रान्सफर' लिहितात, म्हणजे मधलं विमान बदलणं तुमचं तुम्ही बघायचं. पीएनआरवरूनही खात्री होत नाही, कारण एकाच तिकिटावर दोन कंपन्यांचे दोन पीएनआर असू शकतात. बघायचा तो १३ आकडी ई-तिकीट नंबर. पहिले तीन आकडे कंपनीचे, एअर इंडियाचे ०९८, लुफ्तान्साचे २२०. मुंबई-फ्रँकफर्ट आणि फ्रँकफर्ट-न्यूयॉर्क एकाच नंबराखाली असेल तर निवांत झोपा. एजंटकडे हाच नंबर मागा. तो 'कनेक्टिंगच आहे साहेब' म्हणाला तर पुन्हा मागा.

व्हिसाचा घोळही इथूनच सुरू होतो. अमेरिकेचा चालू व्हिसा असला की भारतीय प्रवाशाला फ्रँकफर्टला विमानतळाच्या आत विमान बदलायला वेगळा ट्रान्झिट व्हिसा लागत नाही, हे खरं. पण दोन तिकिटांवर बॅगा सहसा फ्रँकफर्टला घ्यायच्या आणि पुन्हा टाकायच्या. म्हणजे इमिग्रेशन ओलांडून बाहेर यायचं, आणि त्याला शेंगेन व्हिसा (जर्मनीसह युरोपातल्या बऱ्याच देशांचा सामाईक) हवाच. तो नसेल तर सहारच्या काउंटरवरच अडवतात, कारण त्यांच्या दृष्टीने तुमचा प्रवास फ्रँकफर्टलाच संपतो. बॅगांचे नियमही दोन. मुंबई-अमेरिका एका तिकिटावर सहसा २३ किलोच्या दोन बॅगा मिळतात, तर युरोप-अमेरिकेच्या सर्वात स्वस्त भाड्यात अनेकदा एकही नसते. लोणच्याच्या बरण्यांचं भाडं मग वेगळं भरा.

मग वेगळं काढलेलं स्वस्त का दिसतं? आपली सुट्टी एप्रिल अखेरीस लागते, अटलांटिकवरची उन्हाळी गर्दी मुख्यतः जून ते ऑगस्टची. मेच्या सुरुवातीला युरोप-अमेरिका टप्प्याचं भाडं अजून भडकलेलं नसतं, म्हणून बेरीज कमी दिसते. जुलैत किंवा नाताळात तीच युक्ती बहुतेक वेळा फसते.

मी स्वतः दोन तिकिटं काढतो, पण हातात शेंगेन व्हिसा असेल आणि मध्ये दोन रात्री युरोपात राहायचं असेल तरच. आई-बाबांसाठी कधीच नाही. त्यांचं तिकीट एकच, फार तर निघायचा दिवस मागेपुढे करून आठवड्यातल्या मधल्या वाराचं भाडं बघतो. स्वस्त पडलं तर ठीक, नाही तर दहा-बारा हजार जास्त देतो.