लोककथांतील गटसंघर्ष (सोलापूर परिसर)

सोलापूर जिल्ह्यातील लोककथांत सत्ता, जात आणि व्यवसाय यांवरून पडलेले तट देवांच्या चमत्कारांतून आणि घरगुती भांडणांतून व्यक्त होतात.

यांतली सर्वांत परिचित कथा मंगळवेढ्याच्या दामाजीपंतांची. पंधराव्या शतकातल्या दुष्काळात बेदरच्या बहमनी दरबाराच्या या अंमलदाराने सरकारी कोठारे रयतेला खुली केली. बेदरहून पकडून आणण्याचा हुकूम सुटला, तेव्हा विठोबा विठू महाराच्या वेषात दरबारी गेला, धान्याची किंमत भरून त्याने रीतसर पावती घेतली. ही हिंदू भक्त आणि मुसलमान बादशहा यांची कथा म्हणून सांगितली जाते खरी, पण तिच्यातला पेच धान्यावरच्या हक्काचा आहे. बादशहा इथे खलपुरुष नाही. भरणा होताच तो नमतो. देवाने महाराचे रूप घेणेही व्यवहाराला धरून आहे, कारण सरकारी भरणा पोचवणे हे महाराचे वतनी काम होते.

महार समाजात चालत आलेली अमृतनाकाची कथा याच बेदर दरबाराकडे दुसऱ्या बाजूने पाहते. अमृतनाक बादशहाच्या बेगमेला सोडवून आणतो आणि मोबदल्यात समाजासाठी बावन्न हक्क मागून घेतो. चमत्कार नाही, देवही नाही. आहे तो करार. दोन्ही कथा शेजारी ठेवल्याशिवाय एकीचाही अर्थ पुरता लागत नाही.

खंडोबाच्या कथाचक्रात हाच तंटा सवतींच्या तोंडी येतो. सोलापूरजवळच्या बाळे गावच्या खंडोबामुळे ते या भागात घरोघरी माहीत आहे. म्हाळसा लिंगायत वाण्याची, बाणाई धनगराची. म्हाळसा बाणाईची जात आणि मेंढरे काढते, बाणाईही उलट सुनावते. बाजारपेठ आणि माळरान यांचे वैर असे संसारात शिरते. देव कोणालाच टाकत नाही. जेजुरीत म्हाळसा गडावर देवाशेजारी, तर बाणाईचे देऊळ गडाच्या वाटेवर, अशी वाटणी आहे. समेटातही पायरी राहिलीच.

विजयनगरच्या कृष्णदेवरायाने नेलेली विठ्ठलमूर्ती संत भानुदासांनी परत आणल्याची कथा दोन राज्यांतल्या ओढाताणीची आठवण ठेवते.

मंगळवेढ्याचेच चोखामेळा 1338 मध्ये गावकुसाचे काम करताना भिंत कोसळून गेले. त्यांच्या अस्थींतून विठ्ठलनाम ऐकू आले, त्यावरून नामदेवांनी त्या ओळखल्या, असे कथा सांगते. समाधी मात्र पंढरपूरच्या महाद्वारासमोर, देवळाबाहेर झाली. पंढरपूरचे मंदिर दलितांना खुले झाले ते साने गुरुजींच्या उपोषणानंतर, 1947 मध्ये. त्या वेळी विरोधकांनी देवाचे तेज घागरीत काढून घेतल्याची आख्यायिका पंढरपुरात निघाली.