अचलपूरचं स्टेशन: कापसासाठी आलेली, कागदात अडकलेली रेल्वे

अमरावती जिल्ह्यातल्या अचलपूरच्या ओस पडलेल्या स्टेशनाचा विषय निघाला की इथून मूर्तिजापूरला जाणारी ‘शकुंतला’ ही छोट्या रुळांची गाडी तोट्यात होती म्हणून बंद पडली, एवढ्यावर बोलणं संपतं. ते अपुरं आहे. ही गाडी कशासाठी आली आणि तिचे रूळ कुणाच्या नावावर होते, हे पाहिल्याशिवाय या स्टेशनाची गोष्ट कळत नाही.

१८५३ च्या तहानं वऱ्हाड प्रांताचा कारभार निजामाकडून इंग्रजांच्या हाती गेला. पुढे १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं, तिथला कापूस इंग्लंडमधल्या लँकेशायरच्या गिरण्यांना मिळेनासा झाला आणि वऱ्हाडी कापसाला कधी नव्हे असा भाव आला. जीआयपी (ग्रेट इंडियन पेनिन्सुला) रेल्वेची मुख्य लाइन भुसावळ, अकोला, मूर्तिजापूर, बडनेरा असं करत १८६७ मध्ये नागपूरला पोचली. खामगाव आणि अमरावती हे कापसाचे मोठे बाजार मात्र तिच्या वाटेवर नव्हते. त्यांच्यासाठी लगोलग फाटे टाकले गेले. १८७० मध्ये खामगावच्या फाट्याच्या उद्घाटनाला व्हाइसरॉय लॉर्ड मेयो स्वतः आले होते, यावरून कापसाचं वजन लक्षात यावं.

अचलपूर मागेच राहिलं. इमादशाहीच्या काळात वऱ्हाडाच्या राजधानीचं हे गाव. इंग्रजांच्या दप्तरात ते ‘एलिचपूर’ झालं, काही दशकं जिल्ह्याचं ठिकाणही होतं. १९०५ मध्ये तो जिल्हा अमरावतीत विलीन झाला आणि अचलपूर तालुक्याचं गाव होऊन बसलं. आजूबाजूची काळी जमीन पांढऱ्या सोन्याची, उत्तरेला मेळघाटचं जंगल, शेजारच्या परतवाड्यात लाकडाचा व्यापार. पण मुख्य लाइनपर्यंत माल न्यायचा म्हणजे बैलबंडी, आणि काळ्या मातीच्या रस्त्यावर पाऊस पडला की बंडीचं चाक जागचं हलत नसे.

ही गरज हेरली मुंबईच्या किलिक, निक्सन आणि कंपनी या इंग्रजी पेढीनं. त्या काळात सरकार फाटे टाकण्यासाठी खासगी भांडवलाला उत्तेजन देत होतं. किलिक निक्सननं १९१० मध्ये सेंट्रल प्रोव्हिन्सेस रेल्वे कंपनी काढली. त्याच दशकात मूर्तिजापूरहून दक्षिणेला कारंजा, दारव्हा मार्गे यवतमाळपर्यंत ११३ किलोमीटर आणि उत्तरेला पूर्णा ओलांडून बनोसा (म्हणजे दर्यापूर), अंजनगाव, पथ्रोट करत अचलपूरपर्यंत सुमारे ७७ किलोमीटर रूळ पडले. पुलगाव ते आर्वी हा तिसरा तुकडाही याच कंपनीचा.

दोन रुळांमधलं अंतर होतं अडीच फूट, म्हणजे ७६२ मिलिमीटर; मुख्य लाइनपेक्षा बरंच कमी. खर्च वाचला, पण एक कायमची अडचण मागे लागली. अचलपूरला भरलेली वाघीण (मालाचा डबा) मूर्तिजापूरच्या पुढे जाऊ शकत नव्हती. तिथे प्रत्येक गाठ छोट्या वाघिणीतून उतरवून मोठ्या लाइनच्या वाघिणीत चढवायची, मग ती मुंबई बंदराकडे निघायची. हमालांची फौज असेतो आणि दुसरा रस्ताच नसेतो हे चाललं. ट्रक आल्यावर या दुहेरी हमालीला कोण विचारणार? जिनिंगच्या दारात भरलेला ट्रक थेट गिरणीच्या दारात रिकामा होऊ लागला. पुढे १९७२ च्या सुमारास राज्यात कापूस एकाधिकार खरेदी योजना, म्हणजे कापूस फक्त सरकारनंच विकत घ्यायची व्यवस्था, आली आणि कापसाच्या बाजाराची जुनी घडीही मोडली.

कापूस गेला तरी गाडी धावत होती, ती माणसांसाठी. शेतमजूर, भाजीवाल्या, शाळकरी पोरं, एसटीचं तिकीट परवडत नाही अशी माणसं. मँचेस्टरमध्ये १९२१ साली बांधलेलं वाफेचं इंजिन १९९४ पर्यंत या रुळांवर काम करत होतं, त्यानंतर डिझेल आलं. स्टेशनांवरची माणसं कमी होत गेली. तिकीट देण्यापासून इंजिन सोडवण्या-जोडण्यापर्यंत सगळं गाडीसोबतची मोजकी मंडळीच हातानं करत. त्यांच्या कष्टांची नोंद कुठेच नीट झालेली नाही, याचं मला फार वाईट वाटतं.

आता मालकीचा मुद्दा. गाड्या चालवायच्या जीआयपीनं आणि कंपनीला तिचा मोबदला द्यायचा, अशी मूळ व्यवस्था होती. १९२५ मध्ये जीआयपी सरकारच्या ताब्यात आली, १९५१ मध्ये तिची मध्य रेल्वे झाली, पण या छोट्या लाइनची मालकी कंपनीकडेच राहिली आणि करार पुढे पुढे वाढवला गेला. ‘देश स्वतंत्र झाला तरी ही रेल्वे इंग्रजांचीच’ असं दरवर्षी कुठेतरी छापून येतं. ते बरोबर नाही. स्वातंत्र्यानंतर किलिक निक्सन भारतीय मालकांच्या हातात आली. खरं दुखणं वेगळंच होतं. गाडी एकाची, रूळ दुसऱ्याचे, मग रूळ आणि पूल बदलण्याचा मोठा खर्च कुणी करायचा, याचा निकाल दशकानुदशकं लागला नाही. रूळ झिजले, वेग उतरवत उतरवत बैलगाडीच्या जवळ आणला गेला, अचलपूर ते मूर्तिजापूर या ७७ किलोमीटरना चार-चार तास लागू लागले. वेळेची किंमत असलेला प्रवासी एसटीकडे वळला, आणि मग त्याच घटलेल्या प्रवाशांकडे बोट दाखवून गाडी तोट्यात असल्याचं सांगितलं गेलं. तोटा हा दुर्लक्षाचा परिणाम होता, त्याला कारण म्हणून पुढे करणं मला अन्यायाचं वाटतं.

२०१६ मध्ये सुरेश प्रभू रेल्वेमंत्री असताना यवतमाळ–मूर्तिजापूर–अचलपूर मार्ग ब्रॉडगेज (मुख्य लाइनसारखा रुंद) करण्याला मंजुरी मिळाल्याचं जाहीर झालं, खर्च सुमारे १,५०० कोटी रुपये. त्याच दशकात आधी यवतमाळची आणि मग अचलपूरची गाडी थांबली. गाडी वाचावी म्हणून अचलपूर, अंजनगाव, दर्यापूरकडच्या लोकांनी आंदोलनं केली.

दरम्यान भोवतालचा नकाशा बदलला. बडनेरा–नरखेड लाइन सुरू झाल्यावर चांदूरबाजारला ब्रॉडगेजचं स्टेशन आलं. दक्षिणेत वर्धा–यवतमाळ–नांदेड या नव्या मार्गाचा वर्धा ते कळंब हा पहिला टप्पा फेब्रुवारी २०२४ मध्ये खुला झाला, म्हणजे यवतमाळला दुसऱ्या बाजूनं तरी रेल्वे जवळ येते आहे. अंजनगाव, पथ्रोट आणि दर्यापूरला मात्र जुन्या लाइनच्या जागेवर नवे रूळ पडणं हाच मार्ग उरतो. ते रूळ ब्रॉडगेजचे असतील, तर अंजनगावची विड्याची पानं आणि अचलपूरची संत्री मूर्तिजापूरला उतरवून पुन्हा चढवावी लागणार नाहीत.