कॅप्सलॉकचा दिवा कोण लावतं?

संगणक गोठला, माउस जागचा हलेना, की मी आधी कॅप्सलॉक दाबून बघतो. दिवा लागला तर आत अजून धुगधुगी आहे. नाही लागला तर मशीन बंद करून पुन्हा चालू करण्यावाचून इलाज नाही. ही परीक्षा चालते, कारण नेहमीच्या कीबोर्डवर तो दिवा कीबोर्ड आपल्या मनाने लावतच नाही. कीबोर्ड फक्त 'अमुक बटण दाबलं' असा निरोप पाठवतो. कॅप्सलॉक चालू समजायचं की बंद, हे ऑपरेटिंग सिस्टीम ठरवते आणि उलट निरोप धाडते : दिवा लाव. १९८१च्या आयबीएम पीसीच्या कीबोर्डवर हे दिवे नव्हतेच, निरोपही एकाच दिशेने जात. ही वाट दुहेरी झाली ती १९८४च्या पीसी एटीमध्ये.

आता त्या उलट निरोपात काय असतं ते बघा. गोल पिनेच्या जुन्या पीएस/टू कीबोर्डला एका बाइटमध्ये आकडा जातो : स्क्रोललॉकसाठी १, नमलॉकसाठी २, कॅप्सलॉकसाठी ४. यूएसबी कीबोर्डलाही एकच बाइट पुरतो, पण तिथे नमलॉक १, कॅप्सलॉक २ आणि स्क्रोललॉक ४. म्हणजे '२' पाठवलं, तर एका कीबोर्डवर नमलॉक उजळेल आणि दुसऱ्यावर कॅप्सलॉक! प्रत्येक प्रोग्रामने हे पाठ करायचं म्हटलं, तर प्रोग्राम लिहिणाऱ्याचा जीव मेटाकुटीला येईल.

म्हणून मध्ये एक थर असतो, हार्डवेअर ॲब्स्ट्रॅक्शन लेयर, म्हणजेच 'हॅल'. लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टीममध्ये प्रोग्राम नुसतं 'कॅप्सलॉकचा दिवा चालू' म्हणतो. ४ पाठवायचा की २, ते खालचा ड्रायव्हर, म्हणजे त्या कीबोर्डची भाषा जाणणारा छोटा प्रोग्राम, बघतो. बटणांखालच्या प्रकाशाचंही तसंच. काही थिंकपॅड लॅपटॉपवर त्याच्या ० ते २ एवढ्याच पायऱ्या, तर इंटेलच्या जुन्या मॅकबुकवर ० ते २५५. लिनक्स दोन्हीकडे दोन फाइली मांडतं : एकीत सध्याचा उजेड किती, दुसरीत जास्तीत जास्त किती. स्क्रीनवरची पट्टी सरकवली की त्याच आकड्यांचा हिशेब होतो. डेस्कटॉपच्या बाजूने हे काम पूर्वी 'हॅल' नावाचाच प्रकल्प बघत असे, पुढे ते 'यूपॉवर' नावाच्या प्रकल्पाकडे आलं.

या रचनेतली मला सर्वांत आवडणारी सोय म्हणजे ट्रिगर, दिवा कशावरून लागावा-विझावा हे ठरवणारा दुवा. लिनक्स ४.२पासून (२०१५) कीबोर्डच्या दिव्यांनाही तो जोडता येतो. दिव्याच्या ट्रिगर फाइलीत 'हार्टबीट' लिहिलं, की तो नाडीसारखा ठोके देतो. प्रोसेसरवर भार वाढला की ठोकेही जलद.

मराठी लिहिणाऱ्याला तर यात रोजचा फायदा आहे. देवनागरीत मोठी-छोटी अक्षरं नाहीत. इन्स्क्रिप्ट या भारतीय लिप्यांच्या कीबोर्ड मांडणीत 'के'च्या बटणावर क, शिफ्टबरोबर ख. आपली अडचण वेगळीच : आत्ता चालू आहे ती मराठी की इंग्रजी? इंग्रजीत 'हाय' लिहायला एच आणि आय दाबावं आणि स्क्रीनवर 'पग' उमटावं, हे इन्स्क्रिप्टवाल्यांना सांगायला नको. लिनक्सच्या एक्स विंडोत, म्हणजे स्क्रीनवरच्या खिडक्या आणि कीबोर्ड सांभाळणाऱ्या प्रणालीत, 'जीआरपी-एलईडी' नावाचा पर्याय आहे. तो निवडला की दुसरा कीबोर्ड लेआउट चालू असेपर्यंत स्क्रोललॉकचा दिवा जळत राहतो. पुष्कळ लॅपटॉपवर आता तो दिवा नसतो, तिथे कॅप्सलॉकचाच या कामाला लावता येतो. हा मजकूर लिहिताना माझ्या उजव्या हाताच्या वर तो हिरवा ठिपका जळतो आहे.