तीन तास डोळ्यांत तेल घालून?

इनव्हिजिलेटर, म्हणजे परीक्षेच्या वर्गात देखरेख करणारा, हा कॉपी पकडणारा, अशी सर्वसाधारण समजूत. शब्दात मात्र पकडण्याचा मागमूस नाही. लॅटिनमध्ये ‘व्हिजिल’ म्हणजे जागा असलेला, ‘इनव्हिजिलारे’ म्हणजे एखाद्या गोष्टीवर जागता पहारा ठेवणे. रोमन सैन्य रात्रीचे चार भाग करी. त्यातला प्रत्येक भाग म्हणजे एक ‘व्हिजिलिया’, आणि पाणघड्याळावरून पहारेकरी बदलत. आपल्याकडेही रात्रीचे प्रहर चारच, आणि ‘पहारा’ आला तो प्रहरावरूनच. इनव्हिजिलेटरला मराठीत ‘पर्यवेक्षक’ म्हणतात; त्याची फोड परि + अव + ईक्षक, म्हणजे सगळीकडून न्याहाळणारा.

पण जागा माणूस न्याहाळतोच असे नाही. दुसऱ्या महायुद्धात पाणबुड्या शोधणाऱ्या ब्रिटिश रडारचालकांच्या नजरेतून पडद्यावरचे ठिपके निसटत. मानसशास्त्रज्ञ नॉर्मन मॅकवर्थ यांनी याचा छडा लावायला आकडे नसलेले घड्याळ वापरले. काटा दर सेकंदाला एक टप्पा सरके, अर्ध्या तासात फक्त १२ वेळा एकदम दोन टप्पे. ते दिसले की कळ दाबायची, असे सलग दोन तास. १९४८ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार पहिल्या अर्ध्या तासानंतरच चुका ठळकपणे वाढल्या. अर्धा तास काम, अर्धा तास विश्रांती दिली तेव्हा ही घसरण टळली.

दोष डोळ्यांचा का? बहुधा नाही. ‘दिसले’ म्हणण्यापूर्वी मेंदू दोन कामे करतो : खरा संकेत गोंगाटातून वेगळा काढणे ही क्षमता, आणि किती पुरावा पुरे हे ठरवणे हा निकष. संकेत दुर्मीळ असला की निकष कडक होतो. परीक्षेच्या वर्गात चाळीस जणांनी आळस देत नुसती मान वळवली, म्हणून एकेचाळिसाव्याची तिरकी नजरही सोडून दिली जाते. हे ओळखायचे कसे? हुकलेले संकेत वाढले आणि खोटे इशारे, म्हणजे संकेत नसताना ‘दिसला’ म्हणणे, घटले, तर निकष सरकला. खोटे इशारे तेवढेच राहून हुकलेले वाढले, तर क्षमता घटली. घटना भराभर घडत असतील आणि प्रत्येक वेळी आठवणीतल्या नमुन्याशी ताडून पाहावे लागत असेल, तर क्षमताही घटते.

‘आता एआय कॅमेरा बसवला, प्रश्न मिटला’ ही जाहिरातबाजी. समजा, १००० परीक्षार्थींत ५ जण कॉपी करतात आणि यंत्राचा निर्णय ९५ टक्के वेळा बरोबर येतो. तरीही पाचांच्या जोडीला सुमारे ५० निरपराध संशयित ठरतात. त्यांची छाननी करायला बसतो माणूसच, आणि खोट्या इशाऱ्यांच्या या गर्दीत त्याचा निकषही कडक होऊ लागतो.