खाटेपाशी आधी कोण पोचलं?

अपघातग्रस्ताच्या वकिलाकडे लोक संशयाने बघतात ते मुख्यतः त्याच्या फीमुळे. भरपाई मिळाली तर तिच्यात वकिलाचा हिस्सा, नाही मिळाली तर फी शून्य. इंग्लंडमध्ये असा वाटा ठरवणं शतकानुशतकं बेकायदा होतं. वाट्याच्या बोलीवर दुसऱ्याचा दावा चालवायला राजाच्या अधिकाऱ्यांना 1275 च्या वेस्टमिन्स्टर कायद्यानेच मनाई केली होती, आणि हा गुन्हा कायद्याच्या पुस्तकातून निघाला तो थेट 1967 मध्ये. भारतात बार कौन्सिलच्या नियमांनुसार निकालावर अवलंबून फी ठरवायला आजही बंदी आहे.

अमेरिकेने दुसरी वाट धरली. फी वकील आणि पक्षकाराने आपसांत ठरवावी, असं न्यूयॉर्कने 1848 मध्ये मान्य केलं. पुढे रेल्वे आणि कारखाने वाढले, तसे अपघातही. हात गमावलेल्या मजुराकडे फीला पैसे कुठून असणार? टक्केवारी होती म्हणून तो कोर्टाची पायरी चढू शकला.

पण दवाखान्यात वकिलाच्याही आधी कंपनीचा माणूस पोचायचा. जखमी माणूस शुद्धीवर येतो न येतो तोच थोडी रक्कम हातावर ठेवून ‘कंपनीविरुद्ध माझा दावा नाही’ अशा कागदावर त्याची सही घ्यायची, हे या एजंटांचं कामच होतं. त्यांना गाठायला वकिलांनीही आपली माणसं धाडली. ‘अॅम्ब्युलन्सच्या मागे धावणारा’ ही शिवी मात्र वकिलांच्याच वाट्याला आली. अमेरिकन बार असोसिएशन या वकिलांच्या संघटनेच्या 1908 च्या आचारसंहितेने टक्केवारीची फी कोर्टाच्या देखरेखीखाली असावी असं म्हटलं आणि दावे उकरून काढण्याला मनाई केली. ओहायोतल्या एका वकिलाने 1974 मध्ये दवाखान्यात पाय ताणून बांधलेल्या 18 वर्षांच्या मुलीला गाठलं, आणि तिच्या आईवडिलांकडे गेला तो टेपरेकॉर्डर लपवून. त्याच्यावरची कारवाई अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने 1978 मध्ये कायम केली. ती योग्यच होती.

फीचा खरा पेच याहून शांत असतो. समजा, विमा कंपनी 90,000 डॉलर देऊ करते. एक तृतीयांश म्हणजे 30,000 वकिलाचे, तेही 40 तासांच्या कामात. खटला लढवून 1,20,000 मिळाले तर अशिलाच्या हाती 20,000 जास्त पडतील, वकिलाच्या हाती 10,000, आणि त्यासाठी त्याचे आणखी 300 तास जातील. तडजोड करायची की नाही हे अशिलाने ठरवायचं, असं नियम सांगतात. पण अशील विचारतो, ‘वकीलसाहेब, तुम्हाला काय वाटतं?’

फी तासावर असली की वकील निर्मळ, असंही नाही. मिनेसोटात 1956 मध्ये मोटार अपघातात एक 20 वर्षांचा तरुण जखमी झाला. प्रतिवादीच्या बाजूने नेमलेल्या डॉक्टरला तपासणीत त्याच्या महाधमनीला फुगा आढळला. तो कधीही फुटू शकला असता. तरुणाला हे माहीत नव्हतं, त्याच्या वकिलालाही नव्हतं. वकिलाने तो वैद्यकीय अहवाल मागितलाच नव्हता. समोरचे वकील गप्प राहिले आणि 6,500 डॉलरवर प्रकरण मिटलं. 1959 मध्ये लष्करी राखीव दलाच्या तपासणीत फुगा सापडला आणि शस्त्रक्रिया झाली. राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने 1962 मध्ये तडजोड रद्द ठरवणारा निर्णय कायम केला, पण वाटाघाटी चालू असताना हे सांगण्याचं बंधन त्या वकिलांवर नव्हतं, असंही म्हटलं. तडजोड मोडू शकली, कारण तेव्हाच्या कायद्याने तो तरुण अल्पवयीन होता आणि तिला कोर्टाची मंजुरी लागली होती. त्याने एकविशी ओलांडली असती तर?

अमेरिकन बार असोसिएशनने आपला गोपनीयतेचा नमुना-नियम 2002 मध्ये सैल केला. मृत्यू किंवा गंभीर शारीरिक इजा जवळपास अटळ दिसत असेल, तर ती टाळण्यासाठी वकील अशिलाचं गुपित उघड करू शकतो. ‘करू शकतो’ एवढंच. ‘केलंच पाहिजे’ असं त्यात लिहिलेलं नाही.