पॉइंट टू एटी : एसएलआरच्या हातून निसटलेलं काडतूस

एसएलआर ही आपल्या फौजेची जुनी रायफल चालवलेल्या माणसाशी गप्पा मारायला बसा, खांद्याचा विषय निघतोच. बट खांद्यात घट्ट रोवली नाही, तर दुसऱ्या दिवशी तिथे निळा डाग ठरलेला. गंमत अशी, की ज्या बेल्जियन एफएएलवरून आपली एसएलआर आली, ती रायफल मुळात एवढ्या धक्क्यासाठी बनलीच नव्हती. एफएन कंपनीचे द्यूदोने सेव यांनी तिचा पहिला नमुना जर्मनांच्या आखूड ७.९२ मिमी काडतुसासाठी केला, नंतरचा ब्रिटिशांच्या ‘पॉइंट टू एटी’ म्हणजे ०.२८० इंची काडतुसासाठी.

हे काडतूस आलं युद्धाच्या अनुभवातून. ब्रिटिश शिपाई दुसरं महायुद्ध ‘थ्री नॉट थ्री’वर लढला, म्हणजे १८८८च्या सुमाराच्या काडतुसावर. ते हजार यार्डांपलीकडेही जीव घेऊ शकायचं, पण पायदळाच्या बहुतेक चकमकी तीनशे यार्डांच्या आतच व्हायच्या. जर्मनांनी आणि रशियनांनी हे ओळखून आखूड काडतुसं आणलीही होती. १९४५ मध्ये ब्रिटनने गोळीचा योग्य व्यास ठरवायला समिती नेमली. तिचे प्रमुख डॉ. रिचर्ड बीचिंग, पुढे ब्रिटिश रेल्वेच्या हजारो मैल मार्गांवर कुऱ्हाड चालवणारे ते हेच.

हिशेबातून निघालं ते ७ मिमी गोळीचं काडतूस. पुंगळी ४३ मिमी लांब, गोळी सुमारे ९ ग्रॅम, वेग सेकंदाला साधारण ७७५ मीटर. थ्री नॉट थ्रीची पुंगळी ५६ मिमीची आणि गोळी ११ ग्रॅमच्या वर. शेजारी शेजारी उभी केली तर नवं काडतूस धाकट्या भावासारखं दिसायचं. त्याच्यासाठी स्टीफन जॅन्सन यांनी ईएम-२ ही रायफल आखली. तिचं मॅगझिन ट्रिगरच्या मागे, बटीच्या पोटात. त्यामुळे नळी लांब राहूनही अख्खी रायफल ८८९ मिमीत बसली. थ्री नॉट थ्री रायफलची लांबी ११०० मिमीहून जास्त होती.

पण अमेरिकेला ०.३० इंचाच्या खाली यायचंच नव्हतं. तिथल्या लष्कराच्या शस्त्रविभागातले कर्नल रेने स्टडलर यांचा आग्रह असा, की अमेरिकेच्या जुन्या .३०-०६ काडतुसाची ताकद कायम राहावी, फक्त नव्या दारूमुळे पुंगळी आखूड व्हावी. १९५० मध्ये अमेरिकेत फोर्ट बेनिंगला चाचण्या झाल्या. अमेरिकनांना खूश करायला ब्रिटिशांनी पुंगळीच्या बुडाची कडसुद्धा त्यांच्या मापाची करून पाहिली. उपयोग शून्य.

एप्रिल १९५१ मध्ये अ‍ॅटली सरकारचे संरक्षणमंत्री इमॅन्युएल शिनवेल यांनी ईएम-२ आणि नवं काडतूस स्वीकारल्याचं जाहीर केलं. ऑक्टोबरमध्ये निवडणूक झाली, चर्चिल परतले. नाटो नुकती कुठे उभी राहत होती, कोरियात लढाई पेटलेली, आणि चर्चिलना मित्रराष्ट्रांत एकच काडतूस हवं होतं. जानेवारी १९५२ मध्ये ते अमेरिकेचे अध्यक्ष ट्रुमन यांना भेटले आणि ईएम-२चा विषय मिटला. पॉइंट टू एटी फौजेत कधी वाटलंच गेलं नाही. ईएम-२ बनवायला किचकट होती हे मान्य, पण काडतुसाचा बळी राजकारणाने घेतला, निशाण्याने नव्हे.

नाटोने ७.६२ × ५१ मिमी घेतलं. एफएएल मोठी करून त्यात बसवावी लागली. ब्रिटनने तीच एल१ए१ म्हणून घेतली. १९६२ला चीनसमोर थ्री नॉट थ्री घेऊन उभ्या राहिलेल्या आपल्या फौजेलाही पुढे बंगालमधल्या इशापूरच्या कारखान्याची एसएलआर मिळाली ती याच काडतुसाची. जळगाव जिल्ह्यातल्या वरणगावच्या आयुधनिर्माणीत ही ७.६२ची काडतुसं बनत आली आहेत.

तिकडे अमेरिकेची ७.६२ची एम-१४ एकसलग गोळीबारात आवरेना. व्हिएतनाममध्ये काही वर्षांतच ती मागे पडली आणि ५.५६ मिमीची एम-१६ आली. म्हणजे ज्यांनी ७ मिमीला ‘कमकुवत’ म्हणून हाकललं, त्यांनीच आणखी लहान गोळी जगाच्या गळ्यात मारली.

२०२२ मध्ये अमेरिकी लष्कराने ६.८ मिमीची रायफल निवडली, तेव्हा पॉइंट टू एटीचे चाहते ‘बघा, बीचिंग बरोबर होते’ म्हणून खूश झाले. तेवढं काही खरं नाही. गोळीचा व्यास जवळपास त्यांच्या मापावर आला, पण आतला दाब त्याहून कितीतरी जास्त, आणि पुंगळी पुन्हा ५१ मिमीचीच.