परसदारी सापडलेला ग्रह

आमच्या घरी कुणाचीही पत्रिका उघडली की रवी, चंद्र, मंगळाच्या मागे शेवटी कुठेतरी ‘हर्षल’ बसलेला असायचा. लहानपणी मला तो शब्द संस्कृतच वाटायचा, हर्षाशी नातं सांगणारा. शाळेच्या पुस्तकात त्याच ग्रहाला युरेनस म्हणायचे. हर्षल हे एका माणसाचं आडनाव आहे आणि तो माणूस पोटापाण्यासाठी चर्चमध्ये ऑर्गन वाजवत होता, हे पुढे कधीतरी वाचलं. तेव्हापासून विल्यम हर्शेलचं घर बघायची इच्छा मनात होती. गेल्या वर्षी तो योग आला.

इंग्लंडच्या नैर्ऋत्येला, एव्हन नदीच्या काठी बाथ हे जुनं शहर आहे. तिथल्या न्यू किंग स्ट्रीटवर घरांची एक लांबलचक ओळ आहे, भिंतीला भिंत लागून. त्यातलं 19 नंबरचं घर हर्शेलचं. अरुंद, उंच, आणि रस्त्यावरून पाहिलं तर शेजारच्या घरांहून वेगळं काहीच नाही. 1981 पासून तिथे संग्रहालय आहे.

आत जाण्याआधी दाराशेजारचा दगड जवळून बघावा. बाथचा हा मधाच्या रंगाचा चुनखडक आहे. डोळा अगदी भिंतीला लावला की त्यात राजगिऱ्यासारखे बारीक गोल दाणे दिसतात. साधारण 17 कोटी वर्षांपूर्वी इथे उबदार, उथळ समुद्र होता. लाटांबरोबर तळाशी लोळणाऱ्या बारीक कणांवर चुन्याची पुटं चढत गेली आणि हे दाणे तयार झाले. आपल्या सह्याद्रीचा काळा पाषाण लाव्हाचा, सुमारे साडेसहा कोटी वर्षांचा. बाथचा हा दगड त्याच्या दुपटीहून जुना आहे.

हर्शेल मूळचा जर्मनीतल्या हॅनोव्हरचा. वडील लष्करी बँडमध्ये वादक होते, तोही ओबो वाजवायचा. 1757 मध्ये तो इंग्लंडला आला आणि 1766 मध्ये बाथच्या ऑक्टॅगन चॅपलमध्ये त्याला ऑर्गन वाजवायची नोकरी मिळाली. दिवसभर शिकवण्या, संध्याकाळी मैफली. 1772 मध्ये त्याने धाकट्या बहिणीला, कॅरोलाइनला, हॅनोव्हरहून आणलं. ती घर सांभाळायची, त्याच्या मैफलींत गायची, आणि पुढे त्याच्या दुर्बिणींच्या कामात पूर्ण बुडाली. वरच्या मजल्यावरच्या संगीताच्या खोलीत मी थोडाच वेळ थांबलो. माझं लक्ष खाली होतं, तळघरातल्या स्वयंपाकघराला लागून असलेल्या कारखान्याकडे.

ही मागची खोली लहानशीच आहे. इथे धातू वितळवायचा, ओतायचा, घासायचा. त्या काळी दुर्बिणीचे आरसे काचेचे नसत. काचेवर चांदीचा पातळ थर चढवायची युक्ती नंतरची. हर्शेलचे आरसे ओतीव धातूचे होते, साधारण दोन भाग तांबं आणि एक भाग कथील. आपल्याकडे पायाला तूप लावून चोळायची काशाची वाटी असते, ती याच घराण्यातली. काशात कथील जेमतेम पाचवा हिस्सा असतं, म्हणून वाटी सोनेरी दिसते आणि ठोकून घडवता येते. कथील एक तृतीयांशाच्या आसपास नेलं की धातू चांदीसारखा पांढरा होतो, पण इतका ठिसूळ की गार होताना आपल्याच ताणाने तडकतो. केरळमधला अरन्मुळा आरसाही असाच जास्त कथिलाच्या काशाचा असतो. तो ज्याने हातात घेतला असेल, त्याला या धातूची चमक आणि त्याची भीती दोन्ही समजतील.

ओतलेली चकती म्हणजे अजून आरसा नव्हे. तिला बशीसारखी खोली द्यायची, मग राळेचा थर दिलेल्या साधनावर घासत घासत त्या खोलीला नेमका वक्र आणायचा. हा वक्र गोलाचा तुकडा असून भागत नाही, तो परवलयाकार लागतो, म्हणजे गोलापेक्षा कडेकडे किंचित उघडत जाणारा. दोन्हींत फरक किती? हर्शेलच्या आरशाचा व्यास सुमारे 16 सेंटीमीटर आणि नाभीय अंतर, म्हणजे आरशापासून प्रकाश जिथे एकवटतो तिथपर्यंतचं अंतर, सात फूट. या मापांवरून गणित केलं तर कडेपाशी फरक येतो साधारण 60 नॅनोमीटर, म्हणजे आपल्या केसाच्या जाडीचा हजारावा भाग! मोजायला उपकरण नाही, फक्त हाताचा अंदाज. काम मध्येच थांबलं तर तापमान बदलतं, राळ बसते, आकार बिघडतो. म्हणून एकदा तर त्याने सलग 16 तास आरशावरचा हात काढला नव्हता. कॅरोलाइनने हे आपल्या आठवणींत लिहून ठेवलं आहे. भाऊ उपाशी राहू नये म्हणून ती त्याच्या तोंडात घास भरवायची आणि कंटाळा येऊ नये म्हणून गोष्टी वाचून दाखवायची.

एवढं करूनही असा आरसा पडणाऱ्या प्रकाशाचा सुमारे दोन तृतीयांश भागच परत देतो. दुर्बिणीत दुसरा छोटा आरसाही असतो, त्यामुळे डोळ्यापर्यंत निम्म्याहून कमी प्रकाश पोचतो. नदीकाठच्या दमट हवेत धातू काळवंडतो, पुन्हा घासावा लागतो, आणि घासलं की वक्र पुन्हा साधावा लागतो.

कारखान्यातून एक दार परसात उघडतं. बाग छोटी आहे, चार पावलं इकडे, दहा पावलं तिकडे. सभोवती दगडी भिंत. झाडं, वाफे, मधून वाट. भिंतीमुळे वारा अडतो आणि रस्ता दिसत नाही, वर आभाळाचा एक तुकडा मोकळा. आधीच्या एका घरी परस नव्हतं म्हणून हा माणूस दुर्बीण रस्त्यावर मांडून चंद्र बघत होता. तिथेच विल्यम वॉटसन नावाचे गृहस्थ थांबले, त्यांनी डोळा लावला आणि दोघांची मैत्री झाली. रॉयल सोसायटी या लंडनच्या विज्ञानसंस्थेपर्यंत हर्शेलची वाट त्यांच्यामुळेच मोकळी झाली.

मंगळवार, 13 मार्च 1781. रात्री दहा ते अकराच्या दरम्यान हर्शेल याच बागेत उभा होता. मिथुनेच्या पायांशी, वृषभाच्या शिंगांजवळचे बारीक तारे तो एकेक करून तपासत होता. दुर्बिणीला 227 पट मोठं दाखवणारी नेत्रिका, म्हणजे डोळा लावायचं भिंग, होती. एक तारा त्याला शेजाऱ्यांपेक्षा मोठा वाटला. त्याने नेत्रिका बदलली, 460 लावली, मग 932. तो ठिपका मोठा होत गेला. शेजारचे तारे झाले नाहीत.

सगळी गंमत या एका गोष्टीत आहे. तारे इतके दूर असतात की अशा दुर्बिणीतून कितीही मोठं करून पाहिलं तरी त्यांची खरी तबकडी दिसत नाही. ग्रहाची दिसते. युरेनसची तबकडी आपल्याला किती लहान दिसते? दहा रुपयांचं नाणं दीड किलोमीटरवरून बघावं, तेवढी. पण ती 460 पट मोठी केली की नुसत्या डोळ्यांना दिसणाऱ्या चंद्राएवढी होते, अर्थात खूप मंद. आरशाचा वक्र थोडा जरी चुकलेला असता तर शेजारचे तारेही फुगलेले दिसले असते आणि हा वेगळा आहे हे कुणालाच कळलं नसतं. युरेनस आधीही लोकांच्या नजरेला पडला होता. जॉन फ्लॅमस्टीड या इंग्लिश खगोलज्ञाने 1690 मध्ये त्याची नोंद वृषभातला 34 क्रमांकाचा तारा म्हणून केली होती. ग्रह तोच, फक्त आरसा हा नव्हता.

चार दिवसांनी पाहिलं तर तो जागेवरून सरकलेला. हर्शेलला वाटलं धूमकेतू असावा, आणि रॉयल सोसायटीलाही त्याने तसंच कळवलं. पण धूमकेतूला शेपूट हवी, कक्षा लांबट हवी. लेक्सेल वगैरे गणितज्ञांनी मोजदाद केली तेव्हा कक्षा जवळजवळ वर्तुळाकार निघाली, शनीच्या दुप्पट अंतरावर. सूर्यमालेची हद्द एका झटक्यात दुप्पट झाली, आणि तीही या चार भिंतींच्या आतून.

हा शोध नशिबाने लागला असं लोक म्हणायचे, ते हर्शेलला अजिबात मान्य नव्हतं. तो आभाळ ओळीने तपासत होता, त्या रात्री या ग्रहाची पाळी होती, असं त्याचं म्हणणं. कारखाना बघून आल्यावर मलाही तेच पटतं.

परत आत येताना फरशीकडे लक्ष गेलं. ती तडकलेली आहे. त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये हर्शेलने तीन फूट व्यासाचा आरसा ओतायचं धाडस केलं होतं. साचा घोड्याच्या लिदीचा आणि मातीचा. लिदीतलं तंतुमय गवत जळून बारीक वाटा उरतात आणि त्यांतून वायू बाहेर पडतो, म्हणून ओतारी माणसं ती वापरतात. ढिगाऱ्याने आणलेली लीद खलबत्त्यात कुटून चाळण्याचं काम बहुतेक वेळा कॅरोलाइनच्या वाट्याला यायचं. पहिला साचा गळला, आरसा गार होताना तडकला. दुसऱ्या वेळी भट्टीच फुटली आणि दोनशे किलोंहून अधिक वितळलेला धातू फरशीवर पसरला. दगडात मुरलेल्या ओलाव्याची क्षणात वाफ झाली, फरशीचे तुकडे छताच्या दिशेने उडाले. विल्यम, त्याचा भाऊ अलेक्झांडर आणि कामगार मिळेल त्या दाराने बाहेर पळाले. तडे अजून तिथेच आहेत. वाकून त्यांवरून बोट फिरवताना मला त्या दुपारची धग जाणवली.

पुढच्या वर्षी राजा तिसऱ्या जॉर्जने त्याला वर्षाला 200 पौंड देऊन आपला खगोलज्ञ केलं, आणि भावंडं बाथ सोडून विंडसरजवळ राहायला गेली. कॅरोलाइनलाही 1787 पासून वर्षाला 50 पौंड मिळू लागले. विज्ञानाच्या कामासाठी पगार घेणाऱ्या पहिल्या स्त्रियांपैकी ती एक. तिने आठ धूमकेतू शोधले आणि 97 वर्षांचं आयुष्य जगली. भट्टीशेजारी उभं राहून मला तिच्याचबद्दल जास्त विचार करावासा वाटला.

नावाचा घोळ मात्र बरीच वर्षं चालला. हर्शेलने ग्रहाला राजाचं नाव दिलं, योहान बोडे या जर्मन खगोलज्ञाने युरेनस सुचवलं, आणि बऱ्याच जणांनी सरळ शोधणाऱ्याचं आडनाव लावलं. ब्रिटिश नाविक पंचांगाने राजाचं नाव 1850 पर्यंत सोडलं नाही. आपल्या मराठी पंचांगांत हर्षल आजही टिकून आहे.

आपल्या देशाशी या ग्रहाचं आणखी एक नातं आहे. 10 मार्च 1977 ला युरेनस एका ताऱ्यासमोरून जाणार होता. तमिळनाडूतल्या कावलूर वेधशाळेतून भट्टाचार्य आणि कुप्पुस्वामी तो तारा बघत होते. ताऱ्याचा प्रकाश मध्येच क्षणभर मंदावला. नवा उपग्रह असावा, असं त्यांना वाटलं. त्याच रात्री विमानातल्या दुर्बिणीतून अमेरिकी शास्त्रज्ञांनीही प्रकाश मंदावताना टिपला, तोही अनेकदा, ग्रहाच्या दोन्ही बाजूंना. ती युरेनसची कडी होती. हर्शेलला धूमकेतू वाटला तो ग्रह निघाला, इथे उपग्रह वाटलं ते कडं निघालं.

युरेनसला सूर्याभोवती एक फेरी मारायला 84 वर्षं लागतात. सध्या तो वृषभ तारकासमूहातच आहे. कृत्तिकांच्या खालच्या बाजूला, अंधाऱ्या गावातून, साध्या द्विनेत्रीने आणि तारकानकाशाच्या मदतीने हिवाळ्यात तो सापडतो. 2033 च्या वसंतात शोधानंतरच्या तीन फेऱ्या पुऱ्या होतील आणि तो वृषभाच्या शिंगाजवळ, हर्शेलला दिसला होता त्याच जागी येईल. तेव्हा मार्चमध्ये सूर्य मावळल्यावर तो जवळजवळ डोक्यावर असेल.